चार वाजताचं पाणी

दलाल मध्येच पुढे घुसला म्हणून तोल सावरायला यामिनीनं भिंतीला हात टेकला, आणि भिंत गार लागली. चैत्र संपत आला होता. बराकपूर स्टेशनपासून इथवर टोटोत, म्हणजे ई-रिक्षात, बसून येताना सीटचं रेक्झिन पाठीला चिकटलं होतं, जिन्याच्या लोखंडी कठड्यानं मघाशी चटका दिला होता, आणि ही एक भिंत मात्र माठासारखी. तिनं हात लगेच काढला नाही. तपन, तो दलाल, खिडकी उघडून दाखवत होता. "हवा बघा मॅडम. गंगेची हवा. इथे एसी लागणारच नाही." खिडकीतून नदी दिसत नव्हती, पण समोरच्या दोन घरांच्या फटीतून तिकडचा उजेड येत होता. घराचे मालक बागचीबाबू लाकडी कपाटाशी उभे होते. अंगात पांढरा इस्त्रीचा शर्ट, कोणी पाहायला येणार म्हणून घातलेला. ते खिडकीकडे पाहत नव्हते. यामिनीच्या हाताकडे पाहत होते.

यामिनी वर्तक बावन्न वर्षांची होती आणि त्यातली जवळजवळ निम्मी वर्षं तिनं भिजलेल्या वस्तू पाहण्यात घालवली होती. एका सरकारी विमा कंपनीत ती सागरी मालाचे दावे तपासायची. ऑफिस एस्प्लनेडला, पण आठवड्यातले दोन-तीन दिवस खिदिरपूरच्या गोदीत जायचे. तिथे चहाच्या पेट्या, कागदाची रिळं, गोणीत कोंब फुटलेली डाळ, असं काही ना काही तिच्यापुढे उघडलं जायचं आणि आजूबाजूची माणसं गप्प व्हायची. पाणी कुठून आलं हे पाणीच सांगतं, फक्त घाई करायची नाही, हे तिला फार पूर्वी एका म्हाताऱ्या सर्व्हेअरनं शिकवलं होतं. तो डागावर चांदीच्या क्षाराचे दोन थेंब टाकायचा. डाग दुधासारखा पांढरा झाला की समुद्राचं पाणी, नाही झाला की पावसाचं. पुढचे प्रश्न मात्र थेंबानं सुटत नसत. माल केव्हा भिजला, आणि कोणाला केव्हापासून ठाऊक होतं. निम्मे दावे या दुसऱ्या प्रश्नावर अडायचे. आता या मागच्या खोलीत उभी असताना तिचे डोळे तिला न विचारता कामाला लागले. तीन भिंती जुन्या, साईच्या रंगाच्या, खिळ्यांच्या भोकांसकट. चौथी पिस्ता रंगाची, नवी. रंगाच्या वासावर अगरबत्तीचा वास मुद्दाम चढवलेला. दाराजवळच्या स्विचबोर्डाचे स्क्रू चकचकीत होते, या भिंतीवरच्या बोर्डाचे तांबूस. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढलेलं होतं, आणि फरशीवर त्याच्या पायांचे जुने गंजके ठसे जरा बाजूला राहून गेले होते. खालची पट्टी कोरडी होती, म्हणजे ओल जमिनीतून चढत नव्हती. ती वरून येत होती.

"छताचं काही काम केलंय का अलीकडे?" तिनं बंगालीत विचारलं. चौदा वर्षांत तिचं बंगाली चांगलं झालं होतं. फक्त घाईत असली की क्रियापदं मराठी वळणावर जायची.

"रंग दिला. एवढंच," बागचीबाबू म्हणाले. "वर माझी बौदी राहते. मोठ्या भावाची बायको. दादा गेले, आता एकटीच. काही त्रास नाही तिचा." मग खाली कुठेतरी पंप सुरू झाल्याची घरघर फरशीतून पायांना जाणवली. चार वाजले होते. बागचीबाबूंनी छताकडे पाहिलं. तिथे पाहण्यासारखं काही नव्हतं. पण ज्या जागेकडे त्यांनी पाहिलं ती जागा त्यांना पाठ होती, हे यामिनीनं टिपलं. "एक मिनिट हं," म्हणून ते गेले आणि सदुसष्ट-अडुसष्टचा माणूस चढेल त्यापेक्षा भराभर जिना चढले. पाच मिनिटांनी परत आले तेव्हा इस्त्रीच्या शर्टाची डावी बाही कोपरापर्यंत ओली होती. तपननं ती पाहिली नाही. यामिनीनं पाहिली, आणि म्हणाली, "घर आवडलं मला. विचार करून सांगते."

आणि ते खोटं नव्हतं. सियालदहच्या गाडीत खिडकीशी बसल्यावर तिला ते घर पुन्हा पुन्हा दिसत राहिलं: पुढच्या खोलीतली लाल सिमेंटची जमीन, काळ्या किनारीची, हजार वेळा पुसून गुळगुळीत झालेली, स्वयंपाकघरातली बुटकी खिडकी, जिच्याशी उभं राहून चहा पिता येईल. तीन वर्षांसाठी म्हणून ती कोलकात्यात आली होती. मग एक बढती तिनं नाकारली, मग दुसरी, कारण दोन्ही बढत्यांबरोबर बदली येत होती, आणि बदली म्हणजे पुन्हा कुणीतरी विचारणार, एकट्याच का. इथे ते विचारून झालं होतं. आता भाड्याच्या घराचा मालक आपल्या मुलाचं लग्न ठरलं म्हणून जागा मागत होता. श्रावणापर्यंत खाली करायची होती. पुण्याहून भाऊ, मंदार, दर रविवारी फोन करायचा. "ताई, तिकडे कशाला घर घेतेस? इकडे ये ना. आपली माणसं आहेत." आपली माणसं म्हणजे मंदार, त्याची बायको अनुजा आणि एक खोली, जिच्यात सध्या इस्त्रीचे कपडे ठेवलेले असतात. मंदार मनापासून बोलायचा. त्याला नकार देताना तिला नेहमी वाटायचं की आपण काहीतरी लपवतोय, आणि काय ते आठवत नाही.

भिंतीचा गारवा तळहातावर राहिला होता. तसाच गारवा मिरजेच्या घरातल्या बाहेरच्या खोलीत होता, कोपऱ्यात, जिथे दर पावसाळ्यात पोपडे धरायचे आणि त्यातून बारीक पांढरं मीठ गळायचं. तिला पाहायला येणार होते तेव्हा आईनं तिथे शिवणाचं मशीन सरकवलं आणि वर भरतकामाचा टेबलक्लॉथ टाकला. मग आईनं खुर्च्या मांडल्या. पाहुण्यांच्या दोन खुर्च्या अशा मांडल्या की यामिनी समोर बसली की सगळे तिच्या उजव्या हाताला येतील. कारण डाव्या कानानं तिला ऐकू येत नव्हतं. सहाव्या वर्षी गोवर झाला त्यानंतर तो कान गेला होता. कान बाहेरून दिसायला अगदी चांगला होता. आई म्हणाली होती, "विचारलं तर सांगू. न विचारता आपण कशाला?" कोणी विचारलं नाही. अनिल समोर बसला होता, चोवीस-पंचवीसचा, डोंबिवलीचा, बोलायला बरा. त्याची मावशी ऐन वेळी डावीकडच्या दिवाणावर जाऊन बसली आणि तिनं पोहे कुणी केले म्हणून विचारलं. यामिनीला दुसऱ्यांदा विचारल्यावर कळलं. बस, एवढंच झालं होतं. लग्न झालं. चार महिन्यांनी सासूला कळलं, आणि तिथून पुढे घरातली प्रत्येक गोष्ट, सांडलेलं दूध, विसरलेला निरोप, त्या एका वाक्याशी येऊन थांबू लागली: आधी सांगायला हवं होतं. ते खरंच होतं. दुसऱ्या वर्षी अनिलनं वकिलाचा कागद आणून टेबलावर ठेवला; त्यात फसवणूक हा शब्द होता. तिनं कागद वाचला, तेव्हा तो म्हणाला, जवळजवळ सहज, "मला खरं तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. मावशी बोलली तेव्हा तू मान वळवलीस ना, तेव्हाच." तिनं विचारलं, "मग बोलला का नाहीस?" त्यानं थोडा विचार केला. तो वाईट माणूस नव्हता, प्रश्न विचारला तर खरं उत्तर द्यायचा. "तेव्हा गरज नव्हती," तो म्हणाला.

सासूची दोन वर्षांची बोलणी ती विसरली होती. हे तीन शब्द विसरली नव्हती. एखादी ओली पेटी गोदीत उघडली जात असताना ते मनात उमटायचे आणि जायचे, त्यात आता दुःखसुद्धा उरलं नव्हतं. गुडघ्यातून कट असा आवाज यावा, तसं काहीतरी.

सोमवारी तपनचा फोन आला. मंगळवारी तिनंच त्याला केला, दोन-चार फुटकळ प्रश्न विचारले आणि भिंतीचं काही बोलली नाही. ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या सानिकाला तिनं घराचं सगळं वर्णन करून सांगितलं. सानिका नाशिकची, दोन वर्षांपूर्वी बदलून आलेली. ती म्हणाली, "मॅडम, मग भिंतीचं आत्ता बोलूच नका. सगळं ठरत आलं की काढायचं. मग बघा किमतीत कसे खाली येतात." यामिनी हसली. तीही हेच करणार होती, हे तिला तेव्हा कळलं. ट्रामच्या रिकाम्या रुळांवरून दुपारचं ऊन थरथरत होतं, खाली फुटपाथवर कुणी मोज्यांचे जोड ओरडून विकत होता, आणि ती खिडकीशी उभी राहून आपल्याच हेतूकडे दुसऱ्याच्या मालाकडे पाहावं तसं पाहत राहिली. तिला पहिल्याच दिवशी कळलं होतं. ती बोलली नव्हती, कारण तेव्हा गरज नव्हती. मनाशी काही ठरवल्यासारखं झालं नाही. फक्त शनिवारी ती तपनला न कळवता निघाली, आणि निघताना पिशवीत ओल मोजायचं यंत्र टाकलं. सुईची दोन टोकं असलेली ती लहानशी डबी होती, भिंतीला टोचली की आकडा दाखवायची.

बागचीबाबूंनी दार उघडलं तेव्हा ते बनियनवर होते. तिला पाहून ते आत गेले, शर्ट घालून आले. पाऊण तास आधी फोन केला असतात तर, असं काहीतरी पुटपुटले. मागच्या खोलीत अगरबत्ती लावलेली नव्हती. रंगाखालचा वास आता सरळ येत होता, बंद ट्रंकेतल्या गोधडीचा असतो तसा. "बागचीबाबू," यामिनी म्हणाली, "या भिंतीत पाणी आहे. मला मागच्याच वेळी कळलं होतं. तेव्हाच बोलायला हवं होतं, बोलले नाही. म्हणून आज आले." तिनं डबी काढून जुन्या भिंतीला टोचली: बारा. पिस्ता भिंतीला टोचली. आकडा चढत गेला आणि डबी बारीक आवाजात ओरडू लागली. तिनं ती बंद केली.

"तुम्ही हेच काम करता?" बागचीबाबूंनी विचारलं.

"हेच."

ते खाटेच्या काठावर बसले. थोडा वेळ आपल्या तळहातांकडे पाहत राहिले. "तुम्हाला फसवायचं नव्हतं," ते म्हणाले, आणि लगेच स्वतःच मान हलवली, "नाही, फसवायचंच होतं. पण सगळं झाल्यावर सांगणार होतो. खरंच." मग ते सांगू लागले, आणि थांबले नाहीत, जणू कुणी विचारण्याची वाटच पाहत होते. घर जुनं, वर टाकी नाही. प्रत्येक मजल्यावर न्हाणीघरात सिमेंटचा हौद. चार वाजता तळमजल्यावरचे भाडेकरू पंप लावतात, तासभर पाणी चढतं. बौदी नळ उघडा ठेवते. दुपारी नळ कोरडा असतो, ती सोडते, आणि विसरते. चार वाजता हौद भरतो, वाहतो, मोरीच्या तोंडाशी कपडा अडकलेला असतो, मग पाणी जमिनीवर. जमिनीला तडा आहे. "चार वर्षं झाली. आधी महिन्यातून एकदा व्हायचं. मग रोज. आता मी गळायच्या आधीच जातो. पण रोज जमत नाही, गुडघे आहेत, बँक आहे, डॉक्टर आहे." त्यांची मुलगी दुर्गापूरला होती, तिनं त्यांच्यासाठी खोली तयार ठेवली होती. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती.

"वरच्या तड्याचं काम का नाही करून घेतलं?"

"वरचा मजला भाच्याच्या नावावर. म्हणजे दादाच्या मुलाच्या, पुतण्या माझा, बंगळूरला असतो." माणूस बोलता बोलता नाती चुकत होता. "त्याला कळवलं तर तो येणार आणि आईला कुठल्या तरी आश्रमात ठेवणार. एकदा म्हणालाही तसं. आई विसरायला लागली की मला लगेच सांग काका, म्हणाला. मी नाही सांगितलं." त्यांनी वर पाहिलं. "नव्या माणसानं तक्रार केली असती तर मी काय करणार होतो? मी तेव्हा दुर्गापूरला."

हे त्यांनी इतक्या साध्या आवाजात सांगितलं की यामिनीला ते नीट समजायला क्षणभर वेळ लागला. तिच्यासाठी भिंत रंगवली होती, हे तर होतंच. पण पुतण्याला बौदींचं कळवायचं कामही तिच्याच तक्रारीकडून करून घ्यायचं होतं. तिला राग यायला हवा होता. तिला त्यांच्या शर्टाची चुकीच्या भोकात घातलेली गुंडी दिसली आणि राग कुठे सुरू करावा ते कळलं नाही. इतक्यात पायांखाली घरघर सुरू झाली. बागचीबाबू उठले. "मीही येते," ती म्हणाली.

वरच्या मजल्याचं दार नुसतं लोटलेलं होतं. आत लख्ख होतं, खालच्यापेक्षा स्वच्छ. बौदी खिडकीशी वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या, पंच्याहत्तरीच्या, विधवेची पांढरी नव्हे तर साधी निळ्या चौकटीची साडी, केस ओले, नुकतेच विंचरलेले. "ठाकुरपो, आज सोबत कोण?" त्यांनी धाकट्या दिराला विचारलं. बागचीबाबूंनी आधी आत जाऊन नळ बंद केला. पाणी पडायचं थांबल्याचं यामिनीला उशिरा, उजव्या कानानं कळलं. "घर बघायला आल्यात त्या," ते आतूनच म्हणाले, आणि खालून कुणीतरी हाक मारली म्हणून, पंपाचं बटण पुन्हा अडकलंय म्हणून, जिना उतरून गेले. यामिनी बौदींच्या बाजूच्या मोड्यावर, वेताच्या बुटक्या स्टुलावर, बसली. बौदी काहीतरी म्हणाल्या. ओठ हलले एवढंच दिसलं.

"या कानानं मला ऐकू येत नाही," यामिनी म्हणाली. "लहानपणापासून. तुम्ही इकडून बोला." अनोळखी माणसाला हे तिनं आधी कधी सांगितलं होतं का, ते तिला आठवेना, ऑफिसातसुद्धा निम्म्यांना ठाऊक नव्हतं. बौदींनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग काहीच विशेष नसल्यासारख्या त्या खुर्चीचे हात धरून उठल्या, वेताची खुर्ची ओढत तिच्या उजव्या बाजूला आणली आणि बसल्या. एवढ्यानं त्यांना धाप लागली.

"घर घेणार तुम्ही?"

"अजून ठरलं नाही. खाली भिंतीला ओल आहे."

"असणारच," बौदी म्हणाल्या. "नळ मी सोडते."

"विसरता का तुम्ही?"

"विसरते पुष्कळ. काल गुरुवार होता की शुक्रवार, विचाराल तर नाही सांगता येणार. गॅस विसरले होते एकदा, तेव्हापासून ठाकुरपो डबा पाठवतात. नळ नाही विसरत." त्यांनी जिन्याकडे पाहिलं. आवाज खाली आणला, पण घाबरून नव्हे. जे आहे ते मोठ्यानं सांगायची गरज नाही, अशा बेतानं. "माझे यजमान गेले तेव्हा ठाकुरपो रोज यायचे. मग दोन दिवसांनी. मग चार. पुरुषमाणूस, रिकाम्या हातानं येऊन काय बोलणार? एकदा खरंच राहिला नळ, गळलं खाली. धावत आले. बादली, फडकं, अर्धा तास पुसत होते, बोलत होते. शेवग्याला फुलं आलीत म्हणाले. मग मी दुसऱ्या दिवशीही सोडला." बौदींनी पदर सारखा केला. "भिंत खराब होते, ते कळतं मला. वाईट वाटतं. पण त्यांच्या न येण्याचं जास्त वाटतं."

यामिनीच्या मनात, सवयीनं, दोन्ही प्रश्नांची उत्तरं आपापल्या जागी जाऊन बसली: केव्हा भिजलं, आणि कोणाला ठाऊक होतं. इतकी पूर्ण उत्तरं तिला कुठल्याही दाव्यात मिळाली नव्हती. तिनं विचारलं, "हे त्यांना सांगू का मी?" बौदींनी खांदे किंचित उडवले, लहान मुलीसारखे. "मला नाही सांगता येणार," त्या म्हणाल्या. त्यात नको म्हटलेलं नव्हतं. मग त्यांनी यामिनीला चहा विचारला, उठल्या, स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या, कशासाठी आलो ते शोधत. यामिनीनं त्यांना हाताला धरून परत खुर्चीत आणलं. हात गरम होता, कोरडा. चहाचं दोघींपैकी कोणी पुन्हा काढलं नाही.

खाली बागचीबाबू पिस्ता भिंतीसमोर उभे होते. "मी तपनला सांगतो," ते म्हणाले, "तुमचा वेळ गेला. माफ करा." जिना उतरताना यामिनीनं ठरवलं होतं की आपण यात पडायचं नाही, माल आपला नाही, दावा आपला नाही. पण आता त्यांच्या पाठीकडे पाहताना तिला दिसलं की गप्प राहून ती हे बरोबर घेऊन जाईल, आणि कधीतरी, कुणापाशी, गोष्ट म्हणून सांगेल. "बागचीबाबू," ती म्हणाली, "बौदी नळ विसरत नाहीत. मुद्दाम सोडतात. गळलं की तुम्ही येता म्हणून."

ते वळले नाहीत. खालचा पंप बंद झाला आणि जमीन एकदम मुकी झाली.

"केव्हापासून?" त्यांनी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा."

"मी रोज गेलो असतो," ते भिंतीशी बोलल्यासारखे म्हणाले. "नुसताही गेलो असतो. मला वाटायचं, लोक काय म्हणतील. खालचे भाडेकरू, माझी मुलगी. दादा नाहीत, मी एकटा, ती एकटी. काहीतरी काम असलं की बरं असतं. नळ होता म्हणून..." शर्टाची चुकीची गुंडी त्यांनी काढली, बरोबर भोकात घातली. मग तिला बसा म्हणाले नाहीत, या म्हणाले नाहीत. दाराबाहेर पडून जिना चढू लागले, या वेळी सावकाश, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवत. यामिनीनं पिशवी उचलली, दार ओढून घेतलं आणि कडी नीट बसली की नाही ते पाहिलं.

बागचीबाबूंनी घर विकायचं रद्द केलं, हे तपननं तिला आठवड्याभरानं चिडून सांगितलं. तिनं दुसरी सहा घरं पाहिली. श्रावणात दमदमला, तिसऱ्या मजल्यावर, एक घेतलं; ते बरं होतं, जमीन साध्या टाइल्सची होती, स्वयंपाकघराची खिडकी जरा उंच. मंदार मदतीला आला, दोन दिवस राहिला. एका रात्री जेवताना त्यानं डावीकडून काही विचारलं, ते तिला कळलं नाही, आणि ती म्हणाली, "इकडे ये, त्या कानानं ऐकू येत नाही." मंदार घास हातात धरून तिच्याकडे पाहत राहिला. त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. पण घरात हे वाक्य कुणी मोठ्यानं बोललेलं त्यानं कधी ऐकलं नव्हतं. तो ताट घेऊन दुसऱ्या बाजूला आला.

दुर्गापूजेनंतरच्या एका रविवारी बागचीबाबूंचा फोन आला. नंबर तपनकडून घेतला म्हणाले. बौदीला त्यांनी खालीच आणलं होतं, पुढच्या खोलीत. पुतण्याला कळवलं होतं, तो येऊन बडबड करून गेला होता, मुलगी अजून त्यांच्याशी बोलत नव्हती. वरचा नळ महालयेपासून, म्हणजे पूजेच्या आठवडाभर आधीपासून, बंद होता. "आता ती भिंत," ते म्हणाले, "गिलावा काढून नवा करावा म्हणतो. तुमच्यासारख्या जाणकाराला विचारावं."

"जुना काढा, पण नवा लगेच करू नका," यामिनी म्हणाली. "आधी वाळू द्या. घाई केलीत तर ओल आतच कोंडेल आणि पुन्हा बाहेर येईल. भिंत किती इंची आहे?"

"दहा."

"महिन्याला साधारण एक इंच धरतात."

मग फोनपासून दूर तोंड करून ते कुणाला तरी सांगताना ऐकू आले, जरा मोठ्यानं, दोनदा: दहा महिने लागतील म्हणतात. दहा. मागून बौदींचा आवाज आला, पण शब्द कळले नाहीत. बागचीबाबू पुन्हा फोनवर आले.

"चालेल म्हणते," ते म्हणाले. "दहा महिने धरू म्हणते."